दोन फेऱ्यांमधली आग

सप्टेंबर २०२१ चा अखेरचा आठवडा. रात्रीची जेवणे आटोपल्यावर मी संगणकापुढे बसलो आणि ला पाल्मा बेटाचे उपग्रहचित्र उघडले. आफ्रिकेच्या वायव्येला, अटलांटिक महासागरात स्पेनची कॅनरी बेटे आहेत, त्यांतले हे एक. १९ सप्टेंबरला तिथल्या कुंब्रे व्हिएहा या डोंगराची पश्चिमेकडची उतरण फाटली होती आणि लाव्हा वाहू लागला होता. समोरचे चित्र सेंटिनेल-२ या युरोपीय उपग्रहाने सुमारे ७८६ किलोमीटर उंचीवरून टिपले होते. हिरव्या-तपकिरी उतारावर एक नारिंगी रेघ होती, केळीच्या बागांमधून आणि घरांमधून समुद्राच्या दिशेने गेलेली.

महाराष्ट्रातल्या भूशास्त्राच्या शिक्षकाचे सगळे आयुष्य थंड लाव्ह्यावर जाते. वर्षानुवर्षे मी विद्यार्थ्यांना घाटात नेले, रस्त्यासाठी कापलेल्या कड्यापुढे उभे केले आणि सांगितले, की हा खालचा एक प्रवाह, त्याच्यावर चढलेला हा दुसरा, सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा. वाहता लाव्हा मात्र मी कधी पाहिला नव्हता. जो पाहिला तो असा, घरात बसून, अवकाशातून.

त्या चित्राकडे बराच वेळ पाहिल्यावर एक गोष्ट लक्षात आली. पुढचे चित्र पाच दिवसांनी येणार होते. वाटेतल्या तोदोके गावातले चर्च २६ सप्टेंबरला कोसळले. त्याचा मनोरा ढासळताना गावकऱ्यांनी पाहिला. उपग्रहाच्या लेखी मात्र ते चर्च एका फेरीला होते आणि पुढच्या फेरीला नव्हते. मग आकाशातून ज्वालामुखी दिसतो असे आपण म्हणतो तेव्हा नेमके काय दिसते? आणि जे दिसते त्याचा डोंगराच्या पायथ्याशी राहणाऱ्या माणसाला किती उपयोग होतो?

उष्णता दिसते कशी?

लोहाराच्या भट्टीतले लोखंड आधी काळपट लाल, मग नारिंगी, मग पिवळे दिसते. वस्तू जितकी तापते तितका तिचा प्रकाश आखूड तरंगलांबीकडे सरकतो. भट्टीतून काढलेला तुकडा पुन्हा काळा पडला तरी हात जवळ नेल्यावर धग लागतेच. हा डोळ्यांना न दिसणारा अवरक्त प्रकाश असतो. सर्वसाधारण तापमानाची जमीनही तो सतत फेकत असते. तिचे सर्वाधिक तेज १० मायक्रोमीटरच्या आसपास असते. अकराशे-बाराशे अंश सेल्सिअसच्या लाव्ह्याचे २ मायक्रोमीटरच्या आसपास.

या फरकावरच सगळी युक्ती उभी आहे. एखाद्या उपग्रहाच्या चित्रातला एक बिंदू म्हणजे जमिनीवरचा एक किलोमीटर बाजूचा चौकोन आहे असे समजू. त्या चौकोनात फक्त दहा मीटर लांब-रुंद तुकडा तप्त लाव्ह्याचा आहे, म्हणजे एकूण क्षेत्राचा दहा हजारावा भाग. एवढासा ठिपका दिसेल का? जमीन २७ अंशांची आणि लाव्हा ११२७ अंशांचा धरून मी कागदावर गणित केले. ११ मायक्रोमीटरला लाव्हा त्याच आकाराच्या जमिनीपेक्षा सुमारे ५० पट तेजस्वी असतो, त्यामुळे चौकोनाचे एकूण तेज अर्ध्या टक्क्याने वाढते. तेवढी वाढ कोणाच्या लक्षातही येणार नाही. पण ४ मायक्रोमीटरला तोच लाव्हा जमिनीच्या सुमारे १३,००० पट तेजस्वी असतो. तिथे एकूण तेज दुपटीहून जास्त होते. दोन्ही तरंगलांब्यांवर एकाच वेळी पाहायचे आणि जिथे त्यांचे प्रमाण बिघडले आहे तो बिंदू वेगळा काढायचा. हवाई विद्यापीठातल्या संशोधकांनी ‘मॉडव्होल्क’ नावाची प्रणाली याच तत्त्वावर उभारली. टेरा आणि ॲक्वा या उपग्रहांवरील मोडिस उपकरणाची चित्रे चाळून ती जगभरचे तप्त बिंदू आपोआप शोधते. इटलीतल्या तुरीन विद्यापीठाची ‘मिरोव्हा’ प्रणालीही याच धर्तीवर चालते.

प्रत्यक्षातला लाव्हा गणितातल्यासारखा उघडा नसतो. दुधावर साय धरावी तशी त्याच्यावर काही मिनिटांत काळी साय धरते. दिवसा वरून पाहिले तर प्रवाह बराचसा काळाच दिसतो, आणि सायीला पडलेल्या भेगांतून आतले तेज डोकावते. ला पाल्माच्या चित्रातली नारिंगी रेघ साध्या छायाचित्रातली नव्हती. सेंटिनेल-२ अवरक्त प्रकाशातही टिपतो, आणि तो भाग नंतर आपल्या डोळ्यांना दिसेल अशा रंगात रंगवलेला असतो.

या उष्णतेतून आणखी एक गोष्ट काढता येते. वाहत्या प्रवाहातून बाहेर पडणारी एकूण उष्णता मोजली, की दर सेकंदाला किती लाव्हा ओतला जात आहे याचा अंदाज बांधता येतो. प्रवाह किती लांब जाणार हे मोठ्या प्रमाणात त्या ओघावर ठरते. ओघ मंद असेल तर लाव्हा वाटेतच थिजतो. जोरात असेल तर गाव गाठतो.

न पाहिलेली चित्रे

अवकाशातून ज्वालामुखीची उष्णता टिपण्याचा इतिहास साठ वर्षांचा आहे. १९६३ मध्ये आइसलँडच्या दक्षिणेला समुद्रातून सुर्त्से हे नवे बेट वर आले. १९६६ मध्ये निंबस-२ या हवामान उपग्रहाच्या अवरक्त चित्रांत त्याची उष्णता उमटली. पण या विषयातली मला सर्वांत बोलकी वाटणारी कथा चिलीतल्या लास्कार ज्वालामुखीची आहे.

लास्कार आटाकामाच्या वाळवंटात साडेपाच हजार मीटरहून उंच उभा आहे. आसपास वस्ती विरळ. १६ सप्टेंबर १९८६ रोजी त्याचा स्फोट झाला आणि राख शेजारच्या अर्जेंटिनातल्या साल्टा शहरापर्यंत पोहोचली. पीटर फ्रान्सिस आणि डेव्हिड रॉथरी या संशोधकांनी लँडसॅट उपग्रहाची जुनी चित्रे बाहेर काढली, तेव्हा १९८५ मध्ये टिपलेल्या चित्रांत लास्कारच्या विवराच्या तळाशी तप्त ठिपका स्पष्ट दिसत होता. उपग्रहाने स्फोटाच्या वर्षभर आधी खूण टिपून ठेवली होती. तिच्याकडे पाहण्याचे तेव्हा कोणाच्या मनात आले नव्हते. १९८७ मध्ये त्यांचा निबंध प्रसिद्ध झाला आणि ज्वालामुखींवर अवकाशातून नियमित नजर ठेवता येईल ही कल्पना रुजली. यंत्राने टिपणे आणि माणसाने पाहणे यांत वर्षाचे अंतर पडू शकते, हा धडाही त्यातूनच मिळाला.

जवळचा डोळा, दूरचा डोळा

मग सतत पाहणारे उपग्रह का नाहीत? आहेत, पण ते दूर आहेत. विषुववृत्तावर सुमारे ३६,००० किलोमीटर उंचीवर असलेला भूस्थिर उपग्रह पृथ्वीबरोबर फिरतो, त्यामुळे तो एकाच भागाकडे टक लावून पाहू शकतो. जपानचा हिमावारी-८ दर दहा मिनिटांनी चित्र घेत असे. १५ जानेवारी २०२२ रोजी टोंगा देशातल्या हुंगा ज्वालामुखीचा स्फोट झाला तेव्हा अशाच भूस्थिर उपग्रहांनी राखेचा स्तंभ वर चढताना पाहिला. वेगवेगळ्या कोनांतून घेतलेल्या चित्रांवरून त्याची उंची मोजली गेली ती सुमारे ५७ किलोमीटर, म्हणजे स्थितांबराच्याही वर. पण या उपग्रहाच्या अवरक्त चित्रातला एक बिंदू दोन किलोमीटरचा असतो. त्यात गल्ली दिसत नाही, घर दिसत नाही. घराएवढे बारकावे हवे असतील तर उपग्रह खाली आणावा लागतो. तो खाली आणला की त्याला पृथ्वीभोवती फिरत राहावे लागते, आणि मग त्याच जागी तो काही दिवसांनीच परततो. बारीक पाहायचे की वारंवार पाहायचे, यातले एक निवडावे लागते.

राखेसाठी दूरचा डोळा पुरतो, आणि त्याची गरज कशी कळली त्या कथेत मुंबईचेही नाव आहे. जून १९८२ मध्ये लंडनहून मुंबई, क्वालालंपूर असे थांबे घेत ऑकलंडकडे निघालेले ब्रिटिश एअरवेजचे जंबो विमान २४ तारखेच्या रात्री जावा बेटाजवळ गालुंगगुंग ज्वालामुखीच्या राखेत शिरले. चारही इंजिने बंद पडली. बरेच खाली तरंगत आल्यावर ती पुन्हा सुरू झाली आणि विमान जकार्ताला सुखरूप उतरले. वैमानिकांच्या रडारवर काहीच दिसले नव्हते, कारण ते रडार ढगातले पाणी शोधते आणि राख कोरडी असते. पुढे १९८९ मध्ये फ्रेड प्राटा यांनी दाखवून दिले, की ११ आणि १२ मायक्रोमीटरला घेतलेली दोन चित्रे एकमेकांतून वजा केली तर राख आणि साधा ढग वेगळे ओळखता येतात. पाणी व बर्फ १२ ला जास्त शोषतात, राखेतले सिलिकेट ११ ला. आज जगातली नऊ केंद्रे विमानांना राखेचे इशारे देतात, ती या रीतीचा आधार घेतात.

जमिनीची फुगवटी

आतापर्यंतचे सगळे डोळे ढगांपुढे हात टेकतात. रडारचे तसे नाही. सेंटिनेल-१ उपग्रह साडेपाच सेंटिमीटर तरंगलांबीच्या लहरी खाली सोडतो आणि परतलेला प्रतिध्वनी नोंदवतो. ढग, धूर, रात्र यांतले काहीच आड येत नाही. बारा दिवसांनी तो त्याच वाटेने येतो. दोन्ही वेळच्या लहरींची पावले ताडून पाहिली, की मधल्या काळात जमीन उपग्रहाच्या दिशेने किती सरकली ते कळते. चित्रात रंगांचे पट्टे उमटतात, नकाशावरच्या समोच्च रेषांसारखे. एक पूर्ण पट्टा म्हणजे सुमारे २.८ सेंटिमीटरचा सरक. आत लाव्हा साठू लागला की डोंगर फुगतो, बाहेर पडला की बसतो. दिदिए मासोने आणि त्यांच्या फ्रेंच सहकाऱ्यांनी १९९५ मध्ये इटलीतला एटना उद्रेकानंतर कसा खाली बसला हे असे मोजून दाखवले.

आइसलँडमधल्या ग्रिंडाव्हिक या मच्छीमारांच्या गावाला याचा उपयोग झाला. १० नोव्हेंबर २०२३ ला गावाजवळ भूकंपांची रीघ लागली. सुमारे १५ किलोमीटर लांबीची लाव्ह्याची उभी भिंत, जिला आम्ही डाइक म्हणतो, जमिनीखाली सरकत गावाच्या तळाशी पोहोचली होती. त्याच रात्री जवळजवळ ३,८०० माणसे बाहेर काढली गेली. तो निर्णय मुख्यतः जमिनीवरच्या भूकंपमापकांनी आणि जीपीएस यंत्रांनी करायला लावला. नंतरच्या दिवसांत रडारच्या चित्रांनी गावातून गेलेला खचलेला पट्टा आणि डाइकचा आवाका दाखवला, आणि लोकांना परत जाऊ देणे किती धोक्याचे आहे ते स्पष्ट झाले. १८ डिसेंबरला गावाच्या उत्तरेला उद्रेक झाला. १४ जानेवारी २०२४ ला लाव्हा गावात शिरला आणि त्याने तीन घरे जाळली. घरांत कोणी नव्हते.

रडारची चित्रे आणखी एका कामाला येतात. दोन फेऱ्यांच्या मध्ये जी जमीन नव्या लाव्ह्याखाली गेली, तिचा नवा प्रतिध्वनी जुन्याशी अजिबात जुळत नाही. शेजारची जमीन जुळते, ती जुळत नाही. हा न जुळणारा भाग रेखाटला की ढगाखालचा लाव्ह्याचा नकाशाही तयार होतो. मला हे फार विलक्षण वाटते. प्रवाहाचा नकाशा लाव्हा दिसल्याने होत नाही, जुनी जमीन ओळखू न आल्याने होतो.

ला पाल्मावर असे नकाशे युरोपच्या कोपर्निकस आपत्कालीन सेवेने उद्रेकभर काढले. रडारचे, छायाचित्रांचे, मिळेल त्या उपग्रहाचे. ८५ दिवसांनी, १३ डिसेंबरला उद्रेक थांबला तेव्हा १,२०० हेक्टरहून अधिक जमीन लाव्ह्याखाली होती. सुमारे सात हजार लोकांना घर सोडावे लागले होते. कोपर्निकसच्या मोजणीत बाधित बांधकामे तीन हजारांच्या घरात गेली. स्पेनच्या सरकारी मालमत्ता-नोंदींनुसार हा आकडा सोळाशेहून थोडा अधिक होता. दोन्ही मोजण्या आपापल्या जागी खऱ्या. उपग्रहाला छप्पर दिसते, मग ते घराचे असो की अवजारांच्या खोलीचे. नोंदवहीला फक्त नोंदलेली इमारत दिसते. पण नुकसानभरपाईच्या रांगेत उभ्या असलेल्या माणसाला या दोन आकड्यांमधल्या अंतरात आपले घर कुठे आहे ते सांगावे लागते. आणि हेही खरे, की आपले घर उरले की गेले हे बाहेर काढलेल्या कित्येकांना आधी अशा वरून काढलेल्या चित्रांवरूनच कळले. जवळ जायला बंदी होती.

ज्या रात्री काहीच दिसले नव्हते

इथवर वाचून कोणाला वाटेल, की उपग्रह वाढवले, फेऱ्या वाढवल्या, की प्रश्न मिटला. तसे वाटू नये म्हणून न्यिरागोंगोबद्दल लिहिणे भाग आहे.

काँगोच्या पूर्व सीमेवरचा हा ज्वालामुखी. शिखरावरच्या विवरात लाव्ह्याचे तळे, आणि पायथ्याशी लाखो वस्तीचे गोमा शहर. १७ जानेवारी २००२ ला त्याचा लाव्हा शहराच्या मध्यातून वाहिला होता. २२ मे २०२१ च्या संध्याकाळी डोंगराची कूस पुन्हा फाटली. सुमारे सहा तास लाव्हा वाहिला, वाटेतली गावे जाळत गोमाच्या कडेला विमानतळाजवळ थांबला. माणसे मेली. स्थानिक वेधशाळा त्याआधीचे कित्येक महिने निधीच्या चणचणीत होती, त्यामुळे पहिला दोष तिच्या माथी गेला. पण वर्षभराने, २०२२ मध्ये, ‘नेचर’ नियतकालिकात आलेल्या अभ्यासाने निराळे चित्र मांडले. मागाहून सगळ्या नोंदी तपासल्या तरी इशारा म्हणावे असे काही सापडत नव्हते. डोंगर फुगलाच नव्हता. लाव्हा आधीच वरच्या वर साठलेला होता. बहुधा डोंगराची भिंतच फुटली आणि तो बाहेर आला. जिथे फुगवटी नाही तिथे रडारला मोजायला काय मिळणार?

त्यानंतर मात्र उलटा क्रम सुरू झाला. उद्रेक आधी झाला आणि लाव्हा जमिनीखालून सरकला नंतर. २५ किलोमीटर लांबीची डाइक गोमा शहराखालून, काही ठिकाणी ५०० मीटरहून कमी खोलीवरून, किव्हू सरोवराच्या तळापर्यंत गेली. या सरोवराच्या खोल पाण्यात कार्बन डायऑक्साइड आणि मिथेन विरघळलेले आहेत. ते ढवळून वर आले तर काय होईल या कल्पनेनेच तज्ज्ञांची झोप उडाली. भूकंपमापक आणि रडार-चित्रे या दोन्हींत डाइक दिसत होती. २७ मे रोजी शहराचा मोठा भाग रिकामा करण्याचा आदेश निघाला आणि सुमारे चार लाख माणसे अंथरूण-पांघरूण, पोरेबाळे घेऊन रस्त्यावर आली. डाइक वर आली नाही. सरोवर शांत राहिले. काही दिवसांनी लोक परतले.

आदेश चुकला का? मी या प्रश्नाचे उत्तर वर्गात कधी ठामपणे देऊ शकलो नाही. ज्या रात्री माणसे मेली त्या रात्री आकाशातून काही दिसले नव्हते. आणि जेव्हा स्पष्ट दिसले तेव्हा जे व्हायची भीती होती ते झाले नाही. तरीही पायाखाली पाचशे मीटरवर लाव्हा आहे हे माहीत असताना चार लाख लोकांना घरात झोपू देणे कोणाला जमले असते? उपग्रह जे घडून गेले ते दाखवतो. पुढे काय करायचे ते खालच्या माणसाला ठरवावे लागते, तेही पुढच्या फेरीची वाट न पाहता.

आपल्याकडचे बेट, आपल्याकडचे थर

भारतातला एकमेव जागता ज्वालामुखी अंदमानच्या समुद्रातल्या निर्जन बॅरन बेटावर आहे. दीर्घ विश्रांतीनंतर १९९१ मध्ये तो पुन्हा जागा झाला आणि तेव्हापासून अधूनमधून धुमसतो आहे. तिथे राहून पाहणारे कोणी नसल्याने त्याच्या हालचालींची बरीचशी नोंद उपग्रहांच्या तप्त बिंदूंतूनच होते. तरीही २३ जानेवारी २०१७ रोजी गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेचे पथक समुद्रतळाचे नमुने घेण्यासाठी त्या बाजूला गेले होते, तेव्हा त्यांच्या डोळ्यांदेखत ज्वालामुखी राख ओकू लागला. दिवसा फक्त राख दिसत होती. अंधारून आल्यावर मुखातून उडणारी लाल कारंजी आणि उतारावरून ओघळणारा लाव्हा दिसला. जहाज तिथे असणे हा योगायोग होता. पण थोड्या थोड्या वेळाने उसळणारी राख आणि संधिप्रकाशात पालटणारा रंग यांची नोंद त्या योगायोगानेच झाली.

गेल्या हिवाळ्यात पुन्हा घाटात गेलो होतो. आपल्या काळ्या कातळाच्या दोन प्रवाहांमध्ये पुष्कळदा विटकरी-तांबडा थर दिसतो; कुठे वीतभर, कुठे पुरुषभर. एक प्रवाह थंड झाल्यावर त्याच्यावर धरलेली माती किंवा पडलेली राख, वरून आलेल्या पुढच्या प्रवाहाने भाजून निघालेली. इतकी वर्षे मी विद्यार्थ्यांकडून प्रवाह मोजून घेत आलो आणि तांबडा थर ओलांडून पुढे जात आलो, कारण परीक्षेत प्रवाहांची संख्या विचारतात. या वेळी मुलांना तिथे थांबवले. पहिला प्रवाह आणि दुसरा प्रवाह आपल्याला दिसतो, मधला काळ या एवढ्याशा थरात आहे, असे सांगितले. एका मुलीने विचारले, “सर, यात किती वर्षे असतील?” नुसत्या डोळ्यांनी ते सांगता येत नाही. आम्ही थराचा नमुना घेतला, पिशवीवर खूण केली आणि खाली उतरलो.